तिकीटबारीवर नापास, दिवाणखान्यात पास

शुक्रवारी चित्रपट झळकतो आणि सोमवारी सकाळपर्यंत त्याच्या कपाळावर 'हिट' किंवा 'फ्लॉप'चा शिक्का बसलेला असतो. प्रेक्षकांनी कौल दिला, असे आपण वृत्तपत्रवाले लिहितो आणि पुढच्या शुक्रवारकडे वळतो. या कौलात प्रत्यक्षात चित्रपटाबद्दलचे मत किती आणि भित्तिपत्रक, नायकाचे नाव व त्या आठवड्यातली स्पर्धा यांबद्दलचे मत किती, याचा विचार सहसा होत नाही. १९९९ साली प्रदर्शित झालेल्या 'सूर्यवंशम'ने तिकीटबारीवर फारसा पराक्रम गाजवला नव्हता. पुढे सेट मॅक्स वाहिनीने तो इतक्या वेळा दाखवला की, हिरा ठाकूर हे नाव घरातल्या लहान मुलांनाही पाठ झाले. चित्रपट तोच आणि प्रेक्षकही थोड्याफार फरकाने तेच, मग मत कोणते खरे मानायचे?

या प्रश्नाचे एक जुने आणि फार बोलके उदाहरण अमेरिकेत आहे. १९८२ सालचा 'द बीस्टमास्टर' हा त्या काळाच्या मानाने कमी खर्चातला अद्भुतरम्य साहसपट. तो चित्रपटगृहांत जेमतेम चालला, समीक्षकांनी त्याला फारसे मनावर घेतले नाही आणि त्याच्या दिग्दर्शकालाही तो आपल्या मनासारखा झाला असे वाटले नाही. ज्या कादंबरीवरून तो बेतला होता, तिच्या लेखिकेने तर आपले नाव श्रेयनामावलीतून काढायला लावले. असे असूनही चार दशकांनंतर त्याचे नाव निघाले की, चाळिशी-पन्नाशीतले अनेक अमेरिकी प्रेक्षक दोन फेरेटांची नावे न अडखळता सांगतात.

राजपुत्र, पुरोहित आणि काळा वाघ

कथा साधी आहे आणि आपल्याकडच्या वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. राजाच्या पोटी जन्मणारा मुलगा तुझा काळ ठरेल, असे भाकीत दुष्ट पुरोहित माक्सच्या कानी पडते. गर्भातले ते मूल चेटकीण मंत्रबळाने एका गाईच्या उदरात हलवते. बालक बळी जाण्याच्या क्षणी एक गावकरी त्याला वाचवतो आणि आपल्या गावी वाढवतो. कंसाची आणि संकर्षणाच्या गर्भांतराची कथा ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या प्रेक्षकाला इथे ओळखीची खूण पटेल. हा मुलगा, म्हणजे दार, प्राण्यांच्या मनाशी संवाद साधू शकतो. जून नावाच्या रानटी टोळ्या त्याचे गाव बेचिराख करतात. मग एक शिकारी पक्षी, मुंगसाशी साम्य असलेले कोडो व पोडो हे दोन फेरेट आणि रुह नावाचा काळा वाघ यांच्या सोबतीने तो सूड उगवायला निघतो.

मार्क सिंगर दारच्या, तान्या रॉबर्ट्स किरी या दासीच्या, जॉन एमॉस योद्धा सेथच्या आणि रिप टॉर्न माक्सच्या भूमिकेत आहेत. दिग्दर्शक डॉन कॉस्करेली तेव्हा जेमतेम २८ वर्षांचा होता. १९७९ मध्ये त्याने 'फँटॅझम' हा भयपट सुमारे तीन लाख डॉलरमध्ये करून कोटीच्या वर गल्ला मिळवून दिला होता, त्या भरवशावर त्याच्या हाती या वेळी ऐंशी-नव्वद लाख डॉलर आले. त्याच्या दृष्टीने ही रक्कम मोठी होती. पण प्राचीन नगरी, पिरॅमिड, सेना, शिकवलेले प्राणी आणि जादू एवढे सगळे उभे करायचे म्हटल्यावर ती अपुरीच पडणार होती.

ही ओढाताण पडद्यावर दिसते. संहितेत काळा बिबट्या होता. मोठ्या मांजरवर्गात बिबटे शिकवायला अवघड आणि वाघ त्या मानाने ऐकणारे, म्हणून शेवटी वाघालाच काळा रंग देण्यात आला. काही दृश्यांत रंगाखालचे पट्टे स्पष्ट दिसतात. रिप टॉर्नचे कृत्रिम नाक त्याच्या चेहऱ्याच्या आधी आपल्यापर्यंत पोहोचते. दुसऱ्या बाजूला छायाचित्रणासाठी मात्र जॉन अल्कॉट होता. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन'साठी ऑस्कर मिळवणारा, मेणबत्त्यांच्या उजेडात दृश्ये टिपणारा हाच तो कॅमेरामन. नेवाडातल्या व्हॅली ऑफ फायरच्या लाल खडकांवर त्याने जी संध्याकाळ पकडली आहे, ती पाहताना निर्मितीखर्च आठवत नाही. एकाच चित्रपटात रंगवलेला वाघ आणि अल्कॉटचा प्रकाश एकत्र नांदतात. त्याच्याविषयीची मते आजही दोन टोकांना असण्याचे पहिले कारण हेच असावे.

एकाच वर्षी तीन तलवारी

१९८२ हे वर्ष अमेरिकेत तलवार आणि जादूच्या चित्रपटांचे होते. एप्रिलमध्ये अल्बर्ट प्युनचा 'द सोर्ड अँड द सॉर्सरर' आला. त्याचा खर्च सुमारे ४० लाख डॉलर, म्हणजे 'बीस्टमास्टर'च्या जवळपास निम्मा. मे महिन्यात अर्नोल्ड श्वार्झनेगरचा 'कोनन द बार्बेरियन' आला. २० ऑगस्ट रोजी 'बीस्टमास्टर' झळकला, तेव्हा जूनमध्ये आलेल्या स्पीलबर्गच्या 'ई.टी.'ने उन्हाळ्यातली बरीच गर्दी ओढून नेली होती आणि तलवारींची नवलाई ओसरू लागली होती.

अमेरिकेतल्या उत्पन्नाचे आकडे पाहण्यासारखे आहेत. 'कोनन'ने सुमारे ३ कोटी ९५ लाख डॉलर मिळवले. त्याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त असलेल्या प्युनच्या चित्रपटाने जवळजवळ तेवढेच, ३ कोटी ९० लाखांच्या आसपास. 'बीस्टमास्टर'ची मजल १ कोटी ४० लाखांवर थांबली. निव्वळ तिकिटे मोजली तर प्रेक्षकांनी दिलेला कौल निर्विवाद आहे.

आता काही वर्षे पुढे जाऊ. प्युनच्या चित्रपटाच्या अखेरीस पुढचा भाग येणार असल्याची घोषणा होती. तो यायला २०१० साल उजाडले आणि आला तेव्हा कुणाच्या फारसा लक्षातही आला नाही. (या चित्रपटाच्या चित्रीकरणात उंचावरून उडी घेताना एका स्टंटमनने प्राण गमावले होते, त्याच्या यशाची आठवण काढणारे ही गोष्ट क्वचितच सांगतात.) याउलट 'बीस्टमास्टर'चा दुसरा भाग १९९१ मध्ये, तिसरा १९९६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी आणि त्यानंतर १९९९ ते २००२ अशी तीन वर्षे चाललेली मालिकाही आली. निर्माते भावनेच्या आहारी जाऊन पैसा घालत नाहीत. तिकीटबारीवर निम्म्याहून कमी कमावलेल्या चित्रपटाला मागणी आहे, हे त्यांना दिसत होते.

रिकामा पडदा आणि भरलेले घर

ही मागणी आली कुठून, याचे उत्तर केबल वाहिन्यांच्या वेळापत्रकात सापडते. एचबीओ ही पैसे भरून पाहण्याची वाहिनी १९८१ च्या डिसेंबरअखेरीस चोवीस तास सुरू झाली. आठवड्याचे १६८ तास भरायचे, तर रोज नवा आणि गाजलेला चित्रपट मिळणे शक्य नव्हते. मोठ्या चित्रपटांचे हक्क महाग असत. मग ज्यांना फार भाव नव्हता, पण जे लहानथोर सगळ्यांना थोडा वेळ तरी खिळवून ठेवत, अशा चित्रपटांची वर्णी पुन्हापुन्हा लागे. 'बीस्टमास्टर' या गरजेत चपखल बसला. तो एचबीओवर इतक्यांदा लागला की, या वाहिनीच्या तीन अक्षरांचा अर्थ 'अरे, बीस्टमास्टर लागलाय' असा आहे, हा विनोद अमेरिकेत रूढ झाला. पुढे टीबीएस वाहिनीचीही अशीच थट्टा होऊ लागली.

फुकट आणि वारंवार दाखवले म्हणून लोकांना आवडले, असा निष्कर्ष यावरून काढता येईल. पण तो अपुरा आहे. त्याच वेळापत्रकात कमी भावाचे इतर कितीतरी चित्रपट फिरत होते. त्यांची नावे आज कुणी घेत नाही. दिवाणखान्यातला प्रेक्षक एका अर्थाने चित्रपटगृहातल्या प्रेक्षकापेक्षा अधिक निष्ठुर असतो. तिकीट काढून आत गेलेला माणूस पैसे वसूल व्हावेत म्हणून शेवटपर्यंत बसतो. घरातल्या माणसाच्या हातात वाहिनी बदलण्याचे बटण असते. तो थांबला, तर त्याचे कारण त्या क्षणी पडद्यावर जे चालले आहे ते असते; जाहिरातीचा तिथे काही उपयोग नसतो. शिवाय हा प्रेक्षक चित्रपट मध्यातून पकडतो. म्हणून जिथून पाहावे तिथून रस वाटेल, असे स्वतंत्र प्रसंग ज्या चित्रपटात भरपूर, त्याला घरात दीर्घायुष्य लाभते. 'बीस्टमास्टर'ची रचना सैल आहे, ही समीक्षकांची तक्रार. पण घरात हा सैलपणाच त्याच्या कामी आला.

त्याचे चाहते कोणते प्रसंग सांगतात, हे पाहिले तर मुद्दा अधिक उलगडतो. चिखलाच्या दलदलीत रुतत चाललेल्या दारला दोन चिमुकले फेरेट वाचवतात. वटवाघळासारखे पंख असलेली माणसे आपल्या पंखांत शिकार लपेटून घेतात आणि पंख उघडतात तेव्हा खाली हाडे पडतात. बोटातल्या अंगठीत डोळा उघडतो. शेवटी माक्सला आगीत लोटताना कोडो स्वतःही जातो. एवढासा प्राणी मरतो, यावर त्या काळी रडलेली मुले आज स्वतः आई-बाप आहेत. लहान मुलाच्या डोळ्यांना वाघाच्या अंगावरचा रंग दिसत नाही, असे नाही. तो त्याला महत्त्वाचा वाटत नाही. मार्क सिंगर प्राण्याच्या डोळ्यांत पाहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उपहासाची पुसटशीही रेषा नसते. नटाने हे सारे खरे मानले आहे, ही गोष्ट प्रेक्षकापर्यंत पोहोचते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते कमी खर्चाच्या अद्भुतपटाला प्रेक्षक क्षमा करतो तो इथे. दोरी दिसली तरी चालते. आपण काहीतरी फालतू करत आहोत असे पडद्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसले, तर मात्र खेळ संपतो.

काळा धागा आणि पिटातले प्रेक्षक

मुंबईच्या चित्रपटसृष्टीला हे गणित फार आधीपासून ठाऊक होते. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळा धागा बांधून वस्तू अधांतरी नाचवल्या आणि 'काला धागा' हे त्यांचे टोपणनावच पडले. पुढे होमी वाडिया यांच्या बसंत पिक्चर्सने 'अलादीन और जादुई चिराग' (१९५२), 'हातिमताई' (१९५६) असे अद्भुतपट काढले. सामाजिक चित्रपटांना मिळणारी प्रतिष्ठा त्यांच्या वाट्याला आली नाही. ते 'पिटातल्या' प्रेक्षकांचे, म्हणजे पुढच्या स्वस्त खुर्च्यांत बसून शिट्ट्या मारणाऱ्यांचे चित्रपट ठरले. बाल्कनीतल्यांनी नाके मुरडली. प्रेक्षकांचे मत म्हणताना आपण नेमक्या कोणत्या खुर्चीवरच्या प्रेक्षकाला मोजतो, हा प्रश्न तेव्हाही होताच. १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांचा बाहुला आहे, हे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरी तो अंधाऱ्या खोलीत हलला की, बघणाऱ्याचे पाय खुर्चीवर जातात.

दहापैकी सहा म्हणजे काय?

'बीस्टमास्टर'ला आज आयएमडीबी या चित्रपटकोशात प्रेक्षकांनी दिलेले सरासरी गुण दहापैकी सहाच्या किंचित वर आहेत. हा आकडा वाचून चित्रपट बरा असावा, असे वाटते. प्रत्यक्षात असे सरासरी सहा निरनिराळ्या वाटांनी येतात. सगळ्यांनीच सहा दिले तरी सहा येतात. अर्ध्यांनी नऊ व अर्ध्यांनी तीन दिले तरीही येतात. पहिल्या परिस्थितीत चित्रपट विसरला जातो. दुसऱ्या परिस्थितीत त्याच्यावरून घरात भांडणे होतात आणि तो जगतो. सरासरी ही या दोहोंतला फरक पुसून टाकते. आयएमडीबी तर साधी सरासरी न देता मतांना कमीअधिक वजन देऊन काढलेला आकडा देते आणि ते वजन कसे ठरते, हे जाहीर करत नाही.

'रॉटन टोमॅटोज'ची पद्धत निराळी. समीक्षकांपैकी शेकडा किती जणांचा अभिप्राय अनुकूल, एवढेच ती सांगते. चित्रपट किती आवडला, हे त्यात नसते. शंभर समीक्षकांना एखादा चित्रपट 'ठीक' वाटला, तर त्याला शंभर टक्के मिळू शकतात. प्रदर्शनापूर्वीच एखाद्या चित्रपटावर मतांची झोड उठवण्याचे प्रकार वाढल्यावर २०१९ मध्ये तिथे तिकीट काढल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवण्यास सुरुवात झाली. सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या दिवशी चित्रपटगृहाबाहेर पडणाऱ्यांच्या हाती कार्ड देऊन श्रेणी घेते. तिचा उपयोग पुढच्या आठवड्याचा धंदा ओळखण्यासाठी होतो आणि त्या कामात ती मुरलेली आहे. दहा वर्षांनी हा चित्रपट कुणाला आठवेल, हे त्या कार्डावर विचारलेले नसते.

लहान अद्भुतपटाचे नुकसान याच ठिकाणी होते. तारांकित नट नाही, जाहिरातीला पैसा नाही, म्हणून पहिल्या दिवशी येणारा प्रेक्षक थोडा आणि बहुधा दुसऱ्याच कशाची अपेक्षा घेऊन आलेला. त्याचे मत सर्वांत आधी नोंदले जाते आणि सर्वांत जास्त वेळा उद्धृत होते. ज्याच्यासाठी तो चित्रपट होता, तो बारा वर्षांचा मुलगा त्या मोजणीत नसतोच.

नापसंतीही खरी आहे

याचा अर्थ 'बीस्टमास्टर'वरचे आक्षेप खोटे आहेत, असा मुळीच नाही. ११८ मिनिटांची लांबी या कथेला पेलत नाही. पिरॅमिडवर माक्सचा अंत होतो, प्रेक्षक चपला शोधू लागतो आणि मग जून टोळ्यांशी आणखी एक लढाई सुरू होते. कॉस्करेलीला संकलनात शेवटचा शब्द मिळाला नव्हता. ही लांबी त्याच्या माथी किती मारायची, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप काळाबरोबर वाढला आहे. दार आणि किरीची पहिली भेट पाहा. फेरेट तिचे वस्त्र पळवतात, दार तिच्यावर वाघ सोडतो आणि मग स्वतःच तिची 'सुटका' करून बदल्यात चुंबन मागतो. १९८२ मध्ये हा खट्याळपणा समजला गेला. आज तोच प्रसंग नव्याने पाहणाऱ्यांना, आणि तेव्हाच्या चाहत्यांपैकी अनेकांनाही, खटकतो. बालकांचा बळी, कानात सोडलेल्या अळ्या आणि स्नानाचे दृश्य असूनही चित्रपटाला 'पीजी' म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याचे प्रमाणपत्र होते. तेरा वर्षांखालच्यांसाठी वेगळा इशारा देणारी 'पीजी-१३' ही श्रेणी अमेरिकेत १९८४ मध्ये आली. दुपारी घरी कुणी नसताना केबलवर हा चित्रपट पाहणाऱ्या मुलांना मार्गदर्शन कोण करणार होते?

लेखिका आंद्रे नॉर्टन यांची नाराजी मात्र या सगळ्याहून निराळी आणि अधिक गंभीर होती. १९५९ च्या त्यांच्या कादंबरीचा नायक होस्टीन स्टॉर्म हा नवाहो या मूळ अमेरिकी समाजातला सैनिक. पृथ्वी नष्ट झाली आहे आणि तो आपल्या शिकवलेल्या प्राण्यांसह दूरच्या ग्रहावर नवे घर शोधतो आहे. चित्रपटात भविष्यकाळ गेला, ग्रह गेला, नवाहो नायक गेला. उरली ती प्राण्यांची सोबत आणि सोनेरी केसांचा राजपुत्र. लाखो चाहत्यांच्या प्रेमाने हा आक्षेप पुसला जात नाही. ते प्रेम कशावर जडले आणि त्यासाठी काय वगळले गेले, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

कॉस्करेलीपुरते बोलायचे तर दिवाणखान्यातला कौल त्याच्या कामी यायला फार उशीर झाला. 'बीस्टमास्टर'नंतर सहा वर्षे त्याचा एकही चित्रपट प्रदर्शित झाला नाही. १९८८ मध्ये तो 'फँटॅझम'च्या दुसऱ्या भागासह परतला आणि पुन्हा कधी तलवारीच्या वाटेला गेला नाही. दुसऱ्या 'बीस्टमास्टर'चे दिग्दर्शन मूळ चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या सिल्व्हियो ताबेट यांनी केले.

२०२० च्या अखेरीस व्हिनेगर सिंड्रोम या अमेरिकी कंपनीने मूळ निगेटिव्हवरून तयार केलेली ४-के आवृत्ती बाजारात आणली. अल्कॉटची लाल संध्याकाळ तीत झळाळून उठली आहे आणि रुहच्या अंगावरचे पट्टे आता लपायला जागा उरलेली नाही.